तीन मापांचे शर्ट

टाकामावशीच्या घरात कपडा कधी मापाचा आलाच नाही. दोन बोटं मोठा घ्यायचा, खालची दुमड आत शिवायची आणि पोरगं वाढेल तशी दरवर्षी थोडी सोडायची. मुलाच्या पँटींवर जुन्या दुमडींच्या रेघा दिसायच्या. दिसेनात का!

नवऱ्याच्या पगारात भाडं आणि किराणा कसाबसा भागायचा. फ्रिज हप्त्यांवर आला, ते हप्ते मावशीच्या शिलाई मशीनने फेडले. मुलाची फीसुद्धा. पुढे मुलगा नोकरीला लागला, रेडिमेड कपडे आले, आणि आता तर आठवड्यातून चारदा पार्सलवाला बेल वाजवतो. चार वस्तू मागवायच्या, तीन परत पाठवायच्या. हे परत पाठवायचं प्रकरण मावशीला कुणी समजावलंच नव्हतं.

एका दुपारी निळे शर्ट आले. तीन, एकसारखे, पण तीन मापांचे. मुलगा आणि सून ऑफिसात. दुकानदाराने घोळ घातला म्हणत मावशीने मुलाचा जुना शर्ट मापाला घेतला. मोठे दोन आत घेतले, लहान शर्टाच्या शिवणी उसवून तो मिळेल तेवढा सैल केला.

संध्याकाळी मुलाचं डोकंच फिरलं. "आई, यातला एकच ठेवायचा होता! आता हे कोण परत घेणार? ते मशीन उद्या भंगारात देतो. पँटीवरच्या रेघा मोजून पोरं हसायची मला. आता तरी पुरे कर!"

मावशीला ते फार लागलं. पोरगं इतकी वर्षं हे मनात धरून बसलं होतं आणि तिला पत्ता नव्हता. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण त्याने मशीनचं नाव काढलं होतं, आणि तिथे ती कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती.

"तेव्हा सांगितलं असतंस, तर एकेकाच्या घरी जाऊन जाब विचारला असता," ती म्हणाली. "पण मशीन माझ्या कमाईचं आहे. तू तुझे पैसे उधळ, मी कधी हात धरला? माझ्या वस्तूला हात लावायचा नाही."

आपल्या पाकिटातून दोन शर्टांचे पैसे काढून तिने त्याच्या पुढ्यात ठेवले.

सकाळी मुलगा ऑफिसला निघाला, तर मशीन मागच्या खोलीतून थेट रस्त्याकडच्या खिडकीत आलेलं. गजांना दोन निळे शर्ट टांगलेले आणि खाली पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरांत: 'विकणे आहे. मापात करून मिळेल.'

"आई, लोक काय म्हणतील?"

मावशीने सुईत दोरा ओवला. "जाता जाता विचार त्यांना. आणि काही अल्टर करायचं असेल, तर घेऊन या म्हणावं."