सतरा नंबरची चिठ्ठी

शालनताई डोंबिवलीच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत लागल्या त्या पत्रं टाइप करायला. बारावी, तीही मराठी शाळेतली. आज रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये सॉफ्टवेअर बसवायला त्याच जातात. आधी मनात नमस्कार, मग की-बोर्डला हात. लॅबवाले फोनवर सांगतात, "सर, तुम्ही राहू द्या, ताईंनाच पाठवा."

सॉफ्टवेअर बसताना कॉम्प्युटर काय काय केलं ते ओळीओळीनं लिहून ठेवतो. त्याला लॉग म्हणतात. मालक प्रशांत सरांची शिस्त अशी, की तो लॉग छापायचा, सही घ्यायची आणि एक प्रत गिऱ्हाइकाकडे ठेवायची. सात-आठ पानं निघत. सह्या सगळे करत, वाचत कोणी नसे. शालनताईंनीही कधी वाचली नव्हती.

त्या मंगळवारी त्या विठ्ठलवाडीला प्रीतीच्या लॅबमध्ये प्रिंटर बघायला गेलेल्या. बाकावर बायका नंबराच्या चिठ्ठ्या धरून बसलेल्या. एका आजींनी चिठ्ठी पुढे केली, "बाई, माझा कितवा गं?"

चिठ्ठी उलटी होती. शालनताईंनी ती हातात घेतली. मागे लॉगची ओळ, आणि ओळीत लॅबचा पासवर्ड, जसाच्या तसा! तो टाकला की घरबसल्याही सगळ्यांचे रिपोर्ट उघडत. डॉक्टरांसाठी तशी सोय होती.

"प्रीती, या चिठ्ठ्या कशाच्या गं?"

"तुम्हीच दिलेले कागद ना ताई. पाठकोरे होते, टाकवेनात."

तिला तरी काय बोलणार? पाठकोरा कागद आपल्याकडे कोण टाकतं? ताईंनी होत्या तेवढ्या चिठ्ठ्या गोळा करून टेबलावर पानं जुळवली. कॉम्प्युटरमधल्या लॉगशी ताडून पाहिलं, तर पासवर्ड दोनदा छापलेला. एक आजींच्या चिठ्ठीवर, दुसरा नसलेल्या तुकड्यावर, म्हणजे सतरा नंबरवर. आणि सतरा नंबरवाली बाई रक्त देऊन घरी गेलेली.

त्यांनी बाहेर जाऊन सरांना फोन लावला.

"अहो, कोण वाचणार ते? आजी काय हॅकर आहेत?"

"आजी नसतील सर. आजींचा नातू असेल."

"बरं, बदला पासवर्ड. पण अपडेट आलंय म्हणून सांगा. गिऱ्हाईक तुटेल उगाच."

लग्नाआधी शालनताईंना टीबी झालेला. तो रिपोर्ट त्यांच्या हाती पडायच्या आत आंबिवलीच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक झालेला. शेजारणीनं पाण्याचा तांब्यासुद्धा वेगळा ठेवलेला. बाकावरच्या बायकांकडे बघून त्या आत गेल्या आणि प्रीतीला सगळं खरं सांगितलं.

प्रीती भडकलीच. "म्हणजे तुमच्यापायी माझ्या लॅबची अब्रू जाणार होती!"

"हो. चूक आमचीच."

लगेच पासवर्ड बदलला. मग दोघींनी कोणी कधी रिपोर्ट उघडले ती यादी तपासली. प्रीती आणि ओळखीचे दोन डॉक्टर, बाकी कोणी नाही. तेव्हा कुठे चहा झाला.

दुसऱ्या दिवशी त्या सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या धनेशच्या मागे लागल्या.

"ताई, पासवर्डला 'लपवा' अशी खूण करायची राहिलेली. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांत झालंही. पण ताईंना तेवढ्यानं चैन कुठलं! तपासण्यासाठी त्यांनी पासवर्ड ठेवला 'करटोली', पावसात कुठेही उगवणारी रानभाजी. एरवी त्या देवाचं नाव ठेवत, पण असल्या कामात देवाला कशाला अडकवायचं? लॉगमध्ये शोधलं तर त्या जागी नुसत्या चांदण्यांच्या खुणा. मग त्यांनी मुद्दाम नेटची वायर उपटली. सॉफ्टवेअर अर्ध्यात अडकलं, आणि काय बिघडलं त्याची नोंद करताना लॉगनं पुन्हा सगळा पासवर्ड ओकला.

"धनेश, करटोली उगवली रे!"

"ताई, तुम्ही मला जगू देणार नाही."

तीनदा उगवली, तीनदा उपटली. चौथ्यांदा सापडली नाही.

सगळं ऐकल्यावर सरांनी उरलेल्या बावीस लॅबची यादी पुढे ठेवली.

"अपडेट म्हणू का चूक?" ताईंनी विचारलं.

"मी अपडेट म्हटलं तर ऐकणार आहात का तुम्ही? चूक म्हणा."

शनिवारी ताई जुन्या कॅलेंडरची पानं कापून प्रीतीला चिठ्ठ्या द्यायला गेल्या. तेवढ्यात एक बाई रिपोर्ट न्यायला आली. पर्समधून तिनं घडी काढली. सतरा नंबर! नंबराखाली किराणा लिहिलेला, पोहे, साबण, उदबत्ती.

"बघा," प्रीती हसली, "हिनं उलटूनसुद्धा पाहिली नाही."

"बरं झालं." शालनताईंनी चिठ्ठीचे बारीक तुकडे केले. ती बाई कोपऱ्यात जाऊन आपल्या रिपोर्टचं पाकीट उघडत होती. एकटीच.