‘बंद’ला उत्तर देणारे पगारे

नौदलाच्या पाणबुडीवरून निवृत्त झालेले भास्करराव पगारे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या नाशिकरोडच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून रुजू झाले. मी मुख्याध्यापिका होते. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना बोलावून घेतले. तास संपला की एखादी मुलगी गॅसची तोटी फिरवून ओरडे, “बंद!” आणि पगारे दारातून तेवढ्याच मोठ्याने म्हणत, “बंद, ऐकलं!”

“पगारे, ही शाळा आहे, भाजीबाजार नाही.”

“बाई, दुसरं काहीही सांगा. एवढं सोडणार नाही.”

उलट उत्तर मला खपत नाही. मी कारण विचारले. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितले. युद्धाच्या दिवसांत पाणबुडीच्या एका कप्प्यात पाणी शिरले. आत त्यांचे सोबती रघुवीर होते. ते बाहेर येईपर्यंत दार उघडे राहिले असते, तर सगळेच बुडाले असते. रघुवीरांनी दार आतून लावून घेतले आणि आवाज दिला, “बंद!” ऐकणाऱ्याने तो शब्द परत म्हणायचा, असा तिथला नियम. दाराच्या अलीकडे पगारे होते. त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही.

“आम्ही वाचलो, बाई. ते त्याला कळलं की नाही, मला माहीत नाही.”

मी म्हटले, “जा, पुढच्या तासाला उशीर होतोय.” तो विषय मी पुन्हा काढला नाही.

पंधरा ऑगस्टला भाषणाचा आग्रह केला की ते म्हणत, “शौर्य त्याचं, टाळ्या मी कशाला घेऊ?” दर दिवाळीला मात्र ते मनमाडला रघुवीरांच्या आईकडे जात. उत्तर न दिल्याचे त्यांनी तिला सांगायला फार वर्षे लावली. ती म्हणाली, “येडा हायस का भास्कर? दाराशी तू हायस, हे त्याला ठावं नव्हतं व्हय?” हे लिहायला परवानगी पगाऱ्यांनीच दिली.

त्यांची रजिस्टरे कधीच वेळेवर पुरी नसत. तेही इथे नोंदवते. पण वर्गात तोंड न उघडणाऱ्या, पेठकडच्या सुमनसारख्या मुलींना त्यांनी बोलते केले. “सर, आवाज निघत नाय.” “पोटातून काढ. मी ऐकल्याशिवाय हलणार नाही.” सुमन आज परिचारिका आहे. ऑक्सिजनचा सिलिंडर बंद केला की “बंद” म्हणते. कोणी उत्तर दिले नाही तर दुसऱ्यांदा म्हणते.

गेल्या महिन्यात साठी पूर्ण झाल्यावर पगाऱ्यांनी प्रयोगशाळेला शेवटचे कुलूप लावले आणि सवयीने म्हणाले, “बंद!” उत्तर द्यायला आत कोणी नव्हते. व्हरांड्यात आवाज चढवायचा नाही, हा माझाच नियम. तो मोडून मी ओरडले, “बंद, ऐकलं!”

पगारे, आपल्याला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आवाज देत राहा. आम्ही दाराशीच आहोत.