मोजपट्टीची न मोजलेली ओळ

आमच्या सूनबाईला ऑफिसात मोजपट्टी म्हणतात. मला ते नाव इतकं आवडलं, की भाजीत मीठ जास्त पडलं त्या दिवशी मीही घरात वापरून पाहिलं. पुन्हा नाही वापरलं.

मी गावच्या शाळेत शिकलेला, पण तिचं काम मला समजतं. ती पुढच्या खोलीत संगणकावर बसते आणि मी तिच्या मागेच वाटाणे सोलत असतो. आपण एखाद्या साइटचं नाव टाइप करतो. यंत्राला नाव कळत नाही, आकडा लागतो. तो आकडा विचारून आणणारं सॉफ्टवेअर म्हणजे डीएनएस सर्व्हर. ते हिच्या ऑफिसातली मंडळी लिहितात. बाहेरून उत्तर आलं की मेमरीत राखलेल्या जागेत ठेवायचं, पण आधी त्याची लांबी मोजायची. न मोजता ओतलं तर शेजारच्या जागेत सांडतं, आणि कुणी मुद्दाम भलतंसलतं सांडलं तर सर्व्हर त्याच्याच तालावर नाचू लागतो.

त्यांच्यात एक रीत आहे. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचून ‘ठीक’ म्हटल्याशिवाय आत जात नाही. हिच्याकडे वाचायला जायचं म्हटलं की भलेभले आपलं लिहिलेलं आधी दोनदा तपासायचे. “लांबी कोण मोजणार, तुमचे काका?” असं ती टीममधल्या एका दाढीवाल्या गृहस्थांना विचारायची. ते वयाने मोठे, तरी ‘हो मॅडम’ म्हणून मुकाट्याने पुन्हा लिहायचे.

एका सकाळी कुणा परक्या संशोधकाने कळवलं, की लांबलचक उत्तर पाठवलं तर तुमचा सर्व्हर कोसळतो. डोकं लावलं तर ताब्यातही घेता येईल. सगळी टीम स्क्रीनवर गोळा झाली.

“न मोजता ओतलंय,” ही म्हणाली. “दाढीवाल्यांची जुनी सवय. सांगून सांगून थकले मी.”

कुणीतरी त्या चुकलेल्या ओळीचा इतिहास उघडला. ती कुणी लिहिली हे त्यात दिसतं. नाव हिचं निघालं.

माझ्या हातातला वाटाणा भांड्यात पडला, तोही ऐकू आला. हिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “नेटवर्क जातंय,” म्हणत तिने कॅमेरा आणि माइक बंद केले. नेटवर्क कुठंही गेलं नव्हतं.

“बाबा, ऐकलंत तुम्ही?”

“मला काय कळतंय त्यातलं.”

“सगळं कळतं तुम्हाला.” तिने तोंड ओंजळीत लपवलं. “चारचौघांत बोलले हो मी त्यांना.”

“मग माफीही चारचौघांतच माग. वाटाण्यांपुढे मागून काय उपयोग?”

तिने दोन्ही पुन्हा लावले, पण मान वर होईना. “ओळ माझी आहे. आणि दोष तुमच्या माथी मारला. माफ करा.”

दाढीवाल्यांनी दाढी खाजवली. “त्या ओळीला ठीक मीच म्हटलं होतं, मॅडम. न वाचता. तुमची आहे म्हटल्यावर काय वाचायचं, असं वाटलं.”

दोघंही आपापल्या टेबलाकडे बघत राहिले. मलाच कुठं बघावं कळेना.

मग तिने दुरुस्ती लिहिली आणि वाचायला त्यांनाच दिली. सगळे खोळंबलेले, आणि हे आपले वाचतायत, वाचतायत.

“परत पाठवतो,” ते हळूच म्हणाले. “उत्तर नेमकं जागेएवढंच आलं, तर ते संपल्याची शेवटची खूण ठेवायला जागा उरत नाही.”

आता हे हिचे काका काढणार, म्हणून मी कान टवकारले. त्यांनी काढले नाहीत. तेवढ्यानेच हिचे डोळे भरून आले.

“हो सर,” ती म्हणाली, आणि पुन्हा लिहायला बसली.