बाथरूममधला बर्फ

शोभनाताई मोहरीर पडल्या त्या बर्फावर. पण दुबईच्या करामा भागातल्या मराठी मंडळींच्या लेखी त्या बाथरूममध्ये पडल्या होत्या. म्हणून त्यांच्या घरी रबरी मॅट जमू लागल्या.

पहिली मॅट दर्शनाने आणली. दर्शना समोरच्याच इमारतीत राहते. हिरव्या रंगाची, खाली चिकटणारे गोल गोल डोळे असलेली मॅट होती ती.

"हिच्यावरून मुंगीसुद्धा घसरायची नाही," ती म्हणाली. "आणि साबण खाली ठेवत जाऊ नकोस. तुला सवय आहे."

"मला कधी होती सवय?"

"मग पडलीस कशी?"

शोभनाताई दिवाणावर आडव्या होत्या. पाय उशीवर, पायाला पट्ट्यांचा लांबलचक ब्रेस आणि गुडघ्यावर फ्रीजरमधल्या मटारची पिशवी. प्रत्येक नवी मॅट दिवाणाखाली गेली की त्या मटारची पिशवी उचलून बघत. गार होती, पण हा गारवा तो नव्हे.

बाथरूमची कल्पना नवऱ्याची, दत्तप्रसादांची. हॉस्पिटलात बायकोच्या गुडघ्याचा एमआरआय चालला होता आणि बाहेर मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चौकशा सुरू झाल्या होत्या. त्यांनी लिहून टाकलं, बाथरूममध्ये पाय घसरला.

"मग काय लिहू?" नंतर ते म्हणाले. "चोपन्नाव्या वर्षी बायको मॉलमध्ये बर्फावरून घसरगुंडी खेळत होती म्हणून?"

"तसंच तर झालं."

"शोभा, लोक हसतील."

"मॉम, जस्ट टेल देम," तन्मय आतल्या खोलीतून म्हणाला. "इट्स कूल." तन्मय त्यांचा मुलगा. कॉलेजात आहे. त्याचं ते मत कुणी विचारात घेतलं नाही.

दत्तप्रसाद वाईट माणूस नव्हे. शारजापलीकडच्या हमरियातल्या एका पाइपच्या कंपनीत ते पर्चेस बघतात. रोज शारजाचा ट्रॅफिक दोन्ही वेळा भोगतात आणि घरी आल्यावर कुणी आपल्याबद्दल काही बोललेलं नसावं एवढीच त्यांची अपेक्षा असते.

शोभनाताईंचं मात्र उलट. त्यांना सगळं माहीत करून घ्यायचं असतं. करामातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत त्या गेली वीसेक वर्षं बसतात. ईदच्या सुट्टीत लोकांना जॉर्जियाला पाठवायचं, डिसेंबरात आर्मेनियाला. सगळ्यांना बर्फ बघायचा असतो. लोक विचारतात, बूट कुठले घालायचे, मुलांना थंडी बाधेल का, बर्फ मऊ असतो का. शोभनाताई ब्रोशर वाचून उत्तरं देत. एकदा एका बाईंनी थेट जॉर्जियाहून फोन केला. "मॅडम, तुम्ही मऊ म्हणाला होतात. हा तर दगड आहे."

फोन ठेवल्यावर शोभनाताईंना वाटलं, आपण आयुष्यभर जे विकतोय ते आपण पाहिलेलंच नाही.

बर्फ मेट्रोने जाण्याच्या अंतरावर होता. मॉलच्या पोटात मोठा उतार करून त्यावर तो पाडतात. बाहेर डांबर वितळतं आणि आत माणसं कोट घालून फिरतात. शोभनाताई एका शनिवारी नुसती खात्री करायला गेल्या. बर्फ हातात घेतला, दाबला, थोडा तोंडातही घातला. वरून कुणी बर्फ उडवत खाली येत होतं. पायांनी चालत नव्हतं आणि पडतही नव्हतं. हे तिसरं काहीतरी होतं. ब्रोशरात त्याला स्कीइंग म्हणतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

पुढच्या शनिवारी त्यांनी शिकवणी लावली.

शिकवणारा मोहिद्दीन काश्मीरचा. बर्फातच वाढलेला. इथे भिंतींच्या आतला बर्फ पाहून पहिल्या दिवशी आपल्याला हसू आलं होतं, असं तो सांगे. लहान मुलांना तो पिझ्झा म्हणायला लावी. पिझ्झा म्हणजे पायांना बांधलेल्या दोन्ही लांब पट्ट्यांची पुढची टोकं जवळ, मागची लांब. तसं केलं की माणूस थांबतो. शोभनाताईंच्या पायांना पिझ्झा कळेना.

"आंटीजी, समोसा समझिए," तो म्हणाला.

समोसा कळला. त्या थांबल्या. मग पट्ट्या सरळ केल्या आणि पहिल्यांदाच स्वतःहून, ठरवून घसरल्या.

लोक विचारत होते, घसरलीस कशी? गंमत अशी, की त्या घसरल्या म्हणून पडल्या नव्हत्या. छान घसरत होत्या. मधे एक लहान मुलगी आली, त्या घाईने थांबायला गेल्या, समोसा अर्धाच झाला. एक पट्टी अडकली, अंग वळलं आणि गुडघ्यात टक्‌ असा आवाज झाला. आवाज झाला तेव्हा दुखण्याआधी त्यांच्या मनात आलं होतं, हे काय वाजलं?

गुडघ्यातली एक दोरी, म्हणजे लिगामेंट, तुटली होती. डॉक्टरांनी मांडीच्या मागचा स्नायूबंध घेऊन त्याची नवी घातली.

ऑपरेशननंतर एक अजब गोष्ट झाली. नर्स म्हणाली, पाय उचला. शोभनाताईंनी उचलला. पाय जागीच. पुन्हा हुकूम सोडला. पाय ढिम्म. मांडीतलं कुणीतरी फोन बंद करून बसलं होतं. त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या. इतकी वर्षं हा पाय आपलं ऐकतो असं धरून चाललो होतो, ते कशाच्या जोरावर? काही दिवसांनी मांडीवर एक बारीकशी थरथर आली. त्यांनी तन्मयला हाक मारली.

"बघ, बघ. ऐकतोय."

"दॅट्स जस्ट अ मसल, आई."

"जस्ट कसं? तुझा कर बरं बंद."

तन्मयने प्रयत्न केला. जमलं नाही. मग तोही मांडीकडे बघत बसला.

कुबड्या गेल्या. ब्रेस गेला. व्यायाम करवून घ्यायला जवळच्याच दवाखान्यात नबिला नावाची मुलगी होती, कराचीची. तिथेही पहिल्या दिवशी दत्तप्रसादांनीच सांगितलं होतं, बाथरूम.

नबिलाने रिपोर्ट वर-खाली केला. "आंटी, बाथरूम में लोगों का हाथ टूटता है, कूल्हा टूटता है. आप अंदर क्या कर रही थीं, डान्स?"

दत्तप्रसाद हसले. शोभनाताई हसल्या नाहीत.

त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं. या गुडघ्यावर पुन्हा बर्फात उभं राहता येईल का? सर्जन म्हणाले होते, ते व्यायामावर आहे. म्हणजे नबिलाला विचारायला हवं. नबिलाला विचारायचं तर बाथरूम मोडायला हवं. आणि दत्तप्रसाद दर वेळी गाडीने सोडायला येत आणि शेजारच्या खुर्चीत बसून राहत.

उन्हाळा सरत आला. एक दिवस नबिलाने त्यांना जिन्यावर चढवलं, उतरवलं, खाली बसवलं, उठवलं.

"खलास," ती म्हणाली. "सीढ़ी हो गई, बाज़ार हो गया. अब मेरी ज़रूरत नहीं."

दत्तप्रसादांनी गाडीची किल्ली काढली. "चला. सुटलो."

शोभनाताई उठल्या नाहीत.

"आणखी काही करायचं असेल तर?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"और क्या? आंटी, ये घुटना आपको किस काम के लिए चाहिए?"

शोभनाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते किल्लीकडे पाहत होते.

"मी बाथरूममध्ये पडले नाही," त्या म्हणाल्या. "स्कीइंग करताना पडले. मला परत जायचंय."

 नबिलाने स्टूल ओढलं आणि ती समोर बसली. "चार महीने से यही सोच रही थी मैं," ती म्हणाली. मग तिने सांगितलं, की अजून बरंच काम आहे. बाजूला पावलं टाकायची, एका पायावर तोल धरायचा, मग उड्या. दोन्ही पायांची ताकद सारखी भरली आणि सर्जन हो म्हणाले, तरच. आणि तेव्हाही खात्री नाही.

"चालेल," शोभनाताई म्हणाल्या. खात्री नसलेलं त्यांना चालत असे.

दत्तप्रसादांनी गाडी काढली. सिग्नल लागला, सुटला. पार्किंगसाठी इमारतीभोवती दोन चकरा झाल्या.

संध्याकाळी दर्शना आली. शोभनाताईंनी तिलाही सांगून टाकलं.

दर्शनाने त्यांच्या पायाकडे पाहिलं. "म्हणजे माझी मॅट फुकट गेली," ती म्हणाली. "आणि ग्रुपवर मी साबणाबद्दल एवढं लिहिलं."

"लिही आता खरं."

"अहो दत्तप्रसाद, लिहू का?"

दत्तप्रसाद पेपरामागे होते. "माझं काय," पेपर म्हणाला. "लिहा."

दर्शना गेली. फोन टुणटुणू लागला. दत्तप्रसाद त्याच्याकडे बघेनात. पेपरही त्यांनी घडी घालून ठेवला.

"शोभा."

"काय?"

"कसं वाटतं गं ते?"

हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. साबण विचारला होता, टाइल्स विचारल्या होत्या. शोभनाताईंकडे उत्तर केव्हापासून तयार होतं. त्या दिवाणाजवळ वाकल्या. गुडघा वाकला. दोन मॅट ओढून काढल्या, हॉलच्या मधोमध मांडल्या. पुढची टोकं जवळ, मागची लांब.

"हे काय?"

"समोसा. थांबायचं असतं तेव्हा."

"मला कशाला थांबवतेस? मी निघालोय कुठे?"

"आधी थांबायला शिकवतात," शोभनाताई म्हणाल्या. "चपला काढा आणि उभे राहा. गुडघे वाकवा. अहो, एवढे नाही."