ओहोटीची वेळ

मी दुबईला निघालो तेव्हा पप्पा विमानतळावर आले नाहीत. पावसाळा सरून वैतरणा निवळली होती, जिताडा खाडीतून वर नदीत शिरायला लागला होता आणि ओहोटी नेमकी माझ्या टॅक्सीच्या वेळेला आली होती. मासे अर्ध्यावर टाकून, ओल्या चड्डीत, खांद्यावर पाग घेऊन ते फाटकापर्यंत आले. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं. चिखलाच्या बोटांनी माझ्या कपाळावर क्रूस काढला आणि म्हणाले, "तिकडे भरती-ओहोटी असते ना? मग झालं." आई रडत होती. मला मात्र राग आला होता, या माणसाला मुलापेक्षा मासा मोठा. ओहोटी सोडून ते फाटकापर्यंत आले होते, हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही.

आता मी शारजात, अल मजाजला राहतो. खिडकीखाली लगून आहे. पाणी आहे, कारंजं आहे, फिरायला येणारी माणसं आहेत. ज्या हॉटेलात बँक्वेटचं बघतो तिथल्या मेन्यूवर सी बास असतो. तो थर्माकोलच्या पेटीतून येतो, डोकं नाही, काटा नाही. आमच्या जिताड्याचाच भाऊबंद, पण ओळख दाखवत नाही. मी असं काही बोललो की मुलगी म्हणते, "डॅड, इट्स जस्ट फिश."

पप्पा कॅलेंडरवरची तिथी बघून बोटांवर ओहोटी काढायचे. डोळे अधू झाले, तिथी दिसेना, तेव्हा ते मला फोन करून विचारायला लागले. "उद्या ओहोट किती वाजता?" मी मोबाइलमध्ये बघून सांगायचो. तेवढंच बोलणं व्हायचं. एवढ्या वर्षांत मुलगा म्हणून मी त्यांच्यासाठी नियमाने केलेलं काम हे एकच.

इकडे आलेल्या तुम्हा सगळ्यांना एक खोड लागली असेल. घरी वेळ सांगायची म्हणजे दीड तास मिळवायचा. ड्युटी किती वाजता सुटते, फ्लाइट कधी निघते, काहीही विचारलं तरी तोंडातून बाहेर पडण्याआधी त्यात दीड तास पडलेला असतो. गेल्या वर्षी नदी निवळल्यावर पप्पांचा असाच फोन आला. लग्नाची पार्टी होती, मागून सुपरवायझर "यल्ला, यल्ला" म्हणत घाई लावत होता. मोबाइलवर ओहोटी सकाळी साडेपाचची होती. ती गावाकडचीच, भारतातलीच वेळ होती. मी सवयीने दीड तास मिळवला आणि म्हणालो, "सात."

पौर्णिमेचं उधाण होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पप्पा गुडघाभर पाण्यातून नदीतल्या खडकावर गेले. पाणी अजून अर्धा तास उतरणार, असा त्यांचा हिशेब. खरं तर ते तासाभरापासून चढत होतं. साठ वर्षं त्या नदीत उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायांना ते कळलं नसेल? कळलंच असणार. पण मुलाने सात सांगितलं होतं. ते थांबले. मी जन्मभर याच एका गोष्टीपाशी अडकून पडणार आहे.

पलीकडच्या होडीवाल्याने त्यांना काढलं तेव्हा पाणी गळ्याशी होतं. बरंच पोटात आणि छातीत गेलं होतं. छाती धरली ती सुटलीच नाही. सगळ्यांना त्यांनी सांगितलं, "मीच उशिरा उठलो." आईलाही तेच. मीही तेच ऐकून घेतलं, घरी दीड तासाचं सांगितलं नाही. त्यांना खरंच वाटतंय की चूक आपली, असंच मी धरून चाललो होतो.

आता ते अंथरुणावरून उठत नाहीत. पाग पडवीत खुंटीला आहे. मी लीव्ह मागितली. मॅनेजर म्हणाला, "सीझन खलास होने दो, इन्शाल्ला मार्च में." डॉक्टर मार्चबद्दल काहीच बोलत नाहीत. मुलगी म्हणते, "जस्ट टेल हिम, डॅड." रोज ठरवतो, रोज जीभ उचलत नाही.

काल फोन केला. आईने मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. मी म्हणालो, "पप्पा, मला एक सांगायचंय." पलीकडे नुसती धाप ऐकू येत होती. मग त्यांनीच विचारलं, "उद्या ओहोट किती वाजता?"

कशाला हवीय आता? तरी मी बघितलं. "सव्वाचार, पप्पा."

ते अगदी हळू म्हणाले, "दीड तास मिळवला नाहीस ना?"

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. मी "नाही" म्हणालो. "बरं," ते म्हणाले, आणि आईने फोन काढून घेतला.

तुम्ही विचारता, घराची आठवण येते का. वैतरणेकाठी एक माणूस पडून आहे. माझी चूक त्याला माहीत आहे, आणि तो अजून वेळ मलाच विचारतो. माझं घर आता तेवढंच आहे, आणि मला मार्चपर्यंत तिथे जाता येत नाही.