मोटारीची वायर

आमच्याकडं भवानीनगरला मोटार म्हणजे विहिरीवरची. चार चाकांवर चालते ती गाडी. हे शेंबडं पोरही सांगेल. पण माझा थोरला भाऊ, दादा, इंदापूरच्या दुकानात जाऊन ऐटीत म्हणाला, "मोटारीच्या वायरी द्या, चांगल्यातल्या." दुकानदारानं मुकाट्यानं पाण्याच्या मोटारीची वायर कापून दिली. त्याची काय चूक? आणि आमच्या शहाण्यानं ती आणून आबांच्या गाडीच्या प्लगांना जोडली.

आबा म्हणजे आमचे वडील. त्यांची गाडी जुनी, जड पत्र्याची. रस्त्यावर नव्या छोट्या गाड्या दिसायला लागल्या तरी आबांचा जीव हिच्यातच. पण बरेच दिवस शेडमध्ये उभी राहिली आणि उंदरांनी वायरी कुरतडल्या. एकदा जेवताना आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "जो चालू करील त्याची गाडी."

मी ताटावरनं मान वर केली. मी तेव्हा कळंबच्या बाजूला एका शाळेत शिकवत होते. सकाळची एसटी चुकली की अर्धी रजा, आणि त्या एसटीला वेळ म्हणून नव्हती. मला ती गाडी हवी होती. मैत्रिणीच्या जीपवर चालवायला शिकले होते, लायसन काढून ठेवलं होतं. लग्न ठरेपर्यंत पोरीनं एसटीचीच वाट बघायची, असं कुठं लिहिलंय?

दादाच्या वायरींवर गाडी ठसकायची, फडफडायची, बंद पडायची. प्लगला जाणारा करंट भलता जोरकस असतो. पंपाच्या वायरीचं पातळ प्लास्टिक त्याला काय आवरणार? तो वाटेतच इंजिनाच्या लोखंडावर उडी मारतो. मी हे सांगितलं.

"तू फळ्यावर शिकीव जा," दादा म्हणाला. आबा हसले. दादाचं सोडा, ते हसणं मला झोंबलं.

मग मी बारामती गाठली आणि दुकानात नीट तोंड उघडून "गाडीच्या प्लगची केबल" मागितली. जाड रबराची, आत तांब्याच्या तारा. रविवारी शेडमध्ये पोतं टाकून बसले. जुन्या वायरींची पितळी टोकं उचकटली, चिंचेनं घासली. नवी वायर जुनीपेक्षा बोटभर लांब कापली, कारण इंजिन हादरतं आणि ताण बसला की टोक निसटतं. रबर सोलायचं, तारा उलट्या दुमडायच्या, वर पितळ चढवून पकडीनं आवळायचं. पकड सटकली आणि अंगठ्याची साल निघाली, तेव्हा दादाला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहीत नाही. चार वायरी प्लगांच्या, एक मधली, कॉइलवरून येणारी. पाचही बसवल्या.

पहिल्याच किल्लीला गाडी चालू झाली. एकसारखी, न अडखळता. मी स्टेअरिंगवर हात ठेवून बसले होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की डोळे भरून आले.

आबा आले, खिडकीतून हात आत घालून इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि दादाच्या हातात दिली.

"आबा, चालू मी केली."

"व्हय की. पर तुजी गाडी म्हंजी उद्या जावयाची. घरातली वस्तू घरात ऱ्हावी."

तळपायाची आग मस्तकात गेली. आई नारळ नि कुंकवाचं ताट घेऊन आली होती. कुंकू बॉनेटला लागलं, दादाच्या कपाळाला लागलं. दादा मित्रांना घेऊन मोरगावला दर्शनाला निघायचं म्हणून शर्ट बदलायला आत गेला. आयत्या बिळावर नागोबा.

मी बॉनेट उघडलं. प्लगांवरच्या वायरी एकेक उपटल्या.

"काय चाललंय गं?" आबा ओरडले.

"माझ्या वायरी न्हेतीय. गाडी ठेवा घरातच."

"डोकं फिरलंय हिचं," असं आईला म्हणत आबा तरातरा दादाला बोलवायला आत गेले. चार वायरी पिशवीत कोंबून मी बॉनेट पाडायला हात वर केला. आई ताट धरून तशीच उभी होती. दाराकडं एकदा बघून हळूच म्हणाली,

"मधली ऱ्हायली की गं."