चार नंबर आणि बाभळीची बाग

वर्तमानपत्रात लिहिताना वाचक एकच धरलेला असतो. त्याला घाई आहे. महत्त्वाचे पहिल्या ओळीत हवे. ती नोकरी सोडून मी विंचूरजवळच्या एका द्राक्ष निर्यातदाराकडे आलो. काम निरोप लिहिण्याचे. सवय तीच राहिली.

त्या दिवशी पहिल्या ओळीत लिहिले: प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत प्लॉट क्रमांक चारची काढणी थांबवावी. फवारलेल्या औषधाचा अंश मण्यांत उरला आहे का, हे त्या अहवालातून कळणार होते. त्याआधी तोडलेला माल निर्यातीला चालत नाही. हाच मजकूर गंगापूर रोडवरच्या ऑफिसला, त्या प्लॉटच्या बागायतदाराला आणि काढणीच्या टोळीला गेला. ऑफिसकडून अंगठ्याचे चिन्ह आले.

सकाळी बागायतदाराचा फोन. "भाऊ, चार नंबरात कात्री चालू हे! वर्षाचा माल हे माझा."

मी पोहोचेपर्यंत एकोणीस क्रेट भरले होते. टोळीची मुकादम हरसूलकडची, पन्नाशीची. काम थांबवून ती बांधावर उभी होती.

"निरोप मिळाला नाही?"

"मिळाला की. सुनेनं वाचून दावला. चार नंबर सोडा म्हनं. आमी सोडली ना चौथी बाग, रस्त्यापासून मोजून." तिने हात केला. पलीकडची बाग खरोखरच अस्पर्शित होती. "नंबर येलीवर लिवलाय का, सायेब? ही तोडली तिला आमी बाभळीची म्हनतो. तसं सांगितलं असतं तर कोन हात लावनार व्हतं?"

"आम्हीबी बाभळीचीच म्हणतो," बागायतदार हळूच म्हणाला.

मागून एक बाई बोलली, "एवढी मोठी बाभूळ, सायेबाला दिसंना!" टोळी हसली. बागायतदार हसला नाही.

एकोणीस क्रेट स्थानिक बाजारात गेले. उरलेला माल वेलीवर थांबला. दुपारी मुकादमबाईबरोबर सगळ्या बागा फिरलो आणि कागदावरच्या प्रत्येक नंबरापुढे तिने सांगितलेले नाव लिहिले.

चौथ्या दिवशी अहवाल आला, औषधाचा अंश नव्हता. ऑफिसला नंबर आणि अहवाल पाठवला. बागायतदाराला गाडी किती वाजता येणार, तेवढेच. टोळीसाठी लिहिले काहीच नाही, फोनवर आवाजातच निरोप पाठवला, "मावशी, उद्या बाभळीची बाग तोडायची."

लगेच तिचाही आवाजातला निरोप आला. "बाभळीकडून धरू का रस्त्याकडून?"

बागायतदाराला विचारून कळवले: रस्त्याकडून. बाभळीच्या सावलीतला माल अजून आंबट आहे.